दिवसा झोपणारी माणसे

गेल्या बुद्ध पौर्णिमेला आमच्या वस्तीतील विहारात एका तरुणाचा सत्कार होता. मुलगा आमच्याच गल्लीतला. रायबरेलीजवळ फुरसतगंज येथे इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी आहे. तिथे राखीव जागेवर त्याची निवड झाली. बापाच्या फंडाचे पैसे आणि बँकेचे कर्ज घालून तो शिकला, आणि आज मालवाहू विमानावर सहवैमानिक आहे. आपल्या समाजाचा मुलगा विमान चालवतो, ही केवढी अभिमानाची गोष्ट! आम्ही कार्यकर्त्यांनी पत्रके छापली, शाल आणली, बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्याचा धम्म' हा ग्रंथ भेट द्यायचे ठरवले. मुलाने फोनवर सांगितले होते, "काका, मी रात्रभर ड्यूटी करून येणार आहे. सत्कार दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ठेवा ना." आम्ही म्हणालो, पौर्णिमा काय तुझ्या ड्यूटीसाठी पुढे ढकलायची का? तासाभराचा तर कार्यक्रम आहे.

तो पहाटे मुंबईला उतरला, तिथून बसने समृद्धी महामार्गाने दुपारी घरी पोचला, आणि सहा वाजता आम्ही त्याला मंचावर बसवले. त्रिशरण पंचशील झाले. भाषणे लांबली, कारण आमच्याकडे ती लांबतातच. आठ वाजता त्याचे नाव पुकारले तेव्हा तो उठला आणि त्याचा तोल गेला. माईक हातात घेऊन तो बोलू लागला, पण शब्द एकमेकांत अडकत होते. एकच वाक्य त्याने दोनदा म्हटले. नंतर खुर्चीत बसल्या बसल्या त्याची मान खाली गेली, ती वर आलीच नाही.

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणाले, "पिऊन आलाय."

पाचवे शील घेतल्याला अजून दोन तास झाले नव्हते. सभेत त्याला मुलगी देऊ पाहणारे पाहुणेही बसलेले होते. ते शब्द त्यांच्यापर्यंत गेले, आमच्यापर्यंतही आले. मुलगा पीत नाही हे आम्हाला पक्के ठाऊक होते. तरी आम्ही माईक घेऊन एक वाक्य बोललो नाही. आपल्या कार्यक्रमाचा विचका झाला याचाच राग मनात होता.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास आम्ही त्याच्या घरी गेलो. खरे सांगायचे तर समजूत काढायला नव्हे, जाब विचारायला गेलो होतो. दारातच वहिनी बसलेल्या. हातात तांदळाचे सूप, आणि खिडकीवर आतून गोधडी ठोकलेली.

"भाऊजी, हळू बोला. लेकरू झोपलंय."

आम्ही म्हणालो, "वहिनी, अकरा वाजलेत."

"मंग? त्याची रात आत्ता हाय."

मग त्यांनी सूप बाजूला ठेवले आणि आवाज न चढवता आम्हाला जे ऐकवले, ते आम्ही जन्मात विसरणार नाही. "त्याच्या बापालाबी तुम्ही असंच उठवून न्यायचे."

त्याचे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर होते. बहुतेक वर्षे रात्रपाळी. घर एका खोलीचे, वर पत्रा. सकाळी आठला माणूस घरी यायचा आणि त्या तापत्या पत्र्याखाली झोपायचा. वहिनी दारात बसून गल्लीतल्या पोरांना हाकलायच्या, भांडी बाहेर नळावर नेऊन घासायच्या, कुकरची शिट्टी वाजू नये म्हणून पातेल्यात भात शिजवायच्या. २००६ साली खैरलांजीचे हत्याकांड झाले. सगळा समाज पेटून उठला. आम्ही तेव्हा पंचविशीच्या आसपासचे, अंगात आग. दादा म्हणजे वस्तीतला वजनदार माणूस. आम्ही सलग तीन दिवस त्यांना अकरा वाजता उठवून बैठकीला, निवेदनाला, मोर्चाला नेले. ते एकदाही नाही म्हणाले नाहीत. चौथ्या रात्री प्रेसखाली त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली.

मोर्चा चुकीचा नव्हता. आजही तशी वेळ आली तर आम्ही मोर्चा काढूच. पण रात्रपाळीच्या माणसाऐवजी दिवसपाळी संपलेल्या माणसाला बोलवावे, किंवा बैठक संध्याकाळी पाचला ठेवावी, एवढा साधा विचार आमच्या डोक्यात आला नाही. आणि ती बोटे का गेली याचा हिशेब आम्ही तेव्हा फक्त कारखान्याच्या नावावर मांडला.

दादा पलीकडे लसूण सोलत बसले होते. ते एवढेच म्हणाले, "जाऊ दे गं. त्यांना काय माहीत."

मुलगा चारला उठला. तोंड धुऊन आमच्यासमोर बसला, पाया पडला, आणि उलट आमचीच माफी मागू लागला. आम्हाला जमिनीत गाडून घ्यावेसे वाटले. मग चहा झाला आणि त्याने त्याच्या नोकरीचे जे वर्णन केले, ते वाचकांपुढे जसेच्या तसे ठेवतो. कारण विमान म्हटले की आपल्याला निळे आकाश आणि पांढरा सदरा एवढेच दिसते.

प्रवासी विमाने दिवसाही उडतात. कुरिअरचा माल मात्र बहुधा रात्रीच जातो. दिवसभर गावोगावच्या कचेऱ्यांतून, दुकानांतून पार्सले, औषधे, यंत्रांचे सुटे भाग गोळा होतात. संध्याकाळी ते विमानतळावर येतात, आणि सकाळी दुसऱ्या शहरात वाटले जायला हवेत. म्हणून विमान मध्यरात्री उडते. हा दहाला हजर होतो. एका शहरात उतरायचे, माल उतरवून दुसरा भरेपर्यंत थांबायचे, पुन्हा उडायचे. मागे प्रवासी नाहीत, हवाई सुंदरी नाही, चहा विचारणारे कोणी नाही; पुढे दोन माणसे आणि पाठीमागे पेट्या. पहाटे साडेपाचला शेवटचे उतरणे. गाडी हॉटेलवर नेऊन सोडते. याला ते लोक लेओव्हर म्हणतात. आपल्या भाषेत मुक्काम.

"लोकांना वाटतं, मोठ्या हॉटेलात राहतो, मजा आहे," तो म्हणाला. "काका, मी हॉटेलात शिरतो तेव्हा बाकीचे लोक टाय बांधून नाश्त्याला निघालेले असतात. मी त्यांच्यामधून झोपायला जातो."

खोलीत गेल्यावर पहिले काम पडद्याचे. दोन पडद्यांच्या मधल्या फटीतून उन्हाची एक रेघ येते, ती बरोबर डोळ्यावर पडते. कपाटात पँट अडकवायचे चिमट्याचे हँगर असते, त्याच्या चिमट्यांनी तो पडदे एकत्र धरून बंद करतो. दाराखाली टॉवेल लावतो. खोलीतला फोन काढून ठेवतो. दाराला 'त्रास देऊ नये' अशी पाटी. तरी अकराला चादरी बदलणारी बाई दार वाजवतेच. तिचा दोष नाही, तिलाही तिच्या पाळीत खोल्या संपवायच्या असतात. लग्नसराईत खालच्या हॉलमध्ये बँड. चार तास झोप झाली की डोळे उघडतात आणि मग मिटत नाहीत. शरीर म्हणते दुपार आहे, रोस्टर म्हणते झोप. संध्याकाळी पुन्हा जरा डुलकी लागते न लागते तोच निघायची वेळ.

वैमानिकांच्या नियमांत रात्री दोन ते सकाळी सहा हा शरीराच्या सर्वांत मंदीचा काळ मानला आहे. अंगाचे तापमान उतरते, नजर तीच वस्तू पाहते पण डोके उशिरा ओळखते. आणि नेमक्या त्याच वेळी याला उतरायचे असते. १९९७ साली दोन शास्त्रज्ञांनी 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केले की माणूस सलग १७ तास जागा राहिला तर त्याच्या हालचाली रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसासारख्या होतात, आणि २४ तास जागा राहिला तर ०.१० टक्के मद्य असल्यासारख्या. आपल्या देशात गाडी चालवणाऱ्याला मुभा फक्त ०.०३ टक्क्यांची आहे. म्हणजे मागच्या रांगेतल्या त्या माणसाला जे दिसले ते खोटे नव्हते. मुलगा खरोखर झिंगलेला होता. ती झिंग आम्ही पाजली होती.

वहिनी मध्येच म्हणाल्या, "मला त्या इमानाची भीतीच वाटती." आमच्या शहरातल्या त्यांच्या वयाच्या कोणत्याही बाईला ती वाटते. २६ एप्रिल १९९३ रोजी चिकलठाण्याहून उडणारे विमान धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावर कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकले आणि ५५ माणसे गेली. तो अपघात झोपेचा नव्हता. पण २२ मे २०१० रोजी दुबईहून मंगळूरला येणारे विमान कोसळून १५८ जण गेले, त्याच्या चौकशीत निघाले की कप्तान त्या प्रवासात दीड तासाहून अधिक वेळ झोपला होता. घोरण्याचा आवाज यंत्रात उतरला होता. झोपेतून उठलेले डोके लगेच जागे होत नाही.

मुक्काम हा शब्द आम्हाला नवा नाही. आमचे एक मामा एस. टी. त कंडक्टर होते, मुक्कामी गाडीवर. गाडी रात्री नऊला खेड्यात पोचायची आणि पहाटे पाचला तिथूनच सुटायची. ड्रायव्हर-कंडक्टरला गावातले लोक आग्रहाने जेवायला बोलवत, देवळाच्या ओट्यावर अंथरूण देत. एका गावात पहिल्याच रात्री मामांना आडनाव विचारले गेले. त्यानंतर ड्रायव्हर ओट्यावर आणि मामा गाडीत, शेवटच्या सीटवर, तिकिटांची पेटी उशाला. थंडीत पत्रा गारठायचा. मामा म्हणायचे, काम कुठलेही कर, पण निजायला जागा कोण देतो ते बघून कर.

बाबासाहेबांनाही हेच भोगावे लागले. १९१७ साली ते परदेशातून शिकून बडोदा संस्थानात अधिकारी म्हणून रुजू झाले. राहायला जागा मिळेना म्हणून एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले. माडीवर अडगळीने भरलेला मोठा अंधारा दिवाणखाना, आणि सोबतीला एक कंदील. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला. कचेरीतले टेबल त्यांचे होते, अंथरूण मात्र नव्हते. ते कामाठी बागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. केवढा विद्वान, आणि त्याला शहरात पाठ टेकायला जागा नाही!

आज आमच्या त्या मुलाला हॉटेलात कोणी आडनाव विचारत नाही. पैसे कंपनी भरते. पण झोपेच्या बाबतीतही वरचा-खालचा असा भेद आहेच. अमेरिकेत फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलो शहराजवळ प्रवासी विमान पडून ५० माणसे गेली. थकव्याचा प्रश्न गाजला. नवे विश्रांतीचे नियम झाले आणि ४ जानेवारी २०१४ पासून लागू झाले. त्यातून मालवाहू विमानांचे वैमानिक वगळले गेले! कारण काय, तर खर्च जास्त आणि फायदा कमी. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, जमाखर्च आम्हाला कळतो. प्रवासी विमान पडले तर दीडशे माणसे, मालाचे पडले तर दोन. त्या दोघांचा भाव खर्चाच्या रकान्यात बसला नाही. नियम लागू व्हायच्या आधीच, १४ ऑगस्ट २०१३ रोजी पहाटे, यूपीएस कंपनीचे मालवाहू विमान अलाबामातील बर्मिंगहॅम येथे उतरताना टेकडीवर आदळले. दोघेही वैमानिक गेले. ध्वनिमुद्रणात सापडले ते असे की उड्डाणाआधी ते दोघे याच विषयावर बोलत होते, आपल्याला या नियमातून का वगळले म्हणून. वैमानिकांच्या चुका तर निघाल्याच, पण चौकशीत कारणांमध्ये थकवाही निघाला.

बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, ती आपण जातीत पाहतो. इथे ती झोपेत पाहिली.

आपल्याकडे जानेवारी २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास केली, रात्रीच्या वेळेत सहाऐवजी दोनच उतरणी ठरवली. कंपन्यांनी कुरकुर केली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, आणि नियम १ जुलै व १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत आले. डिसेंबर २०२५ मध्ये देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली, विमानतळांवर लोक बॅगांवर झोपले. टीव्हीवर जो तो वैमानिकांच्या विश्रांतीला दोष देऊ लागला. ५ डिसेंबरला महासंचालनालयाने एक कलमही मागे घेतले: साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा धरता येणार नाही, असे ते कलम होते. नियम दोन वर्षांपासून कागदावर होता, माणसे वेळेत भरली असती तर ही पाळी आली नसती, एवढे आमच्यासारख्या कारकुनालाही कळते. मुलाला विचारले तर तो म्हणाला, थकलो असे लिहून देता येते, पण नवा माणूस लिहून देत नाही.

त्या दिवशी बोलता बोलता दादांनी करमाडचा विषय काढला. ८ मे २०२० ची पहाट. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मध्य प्रदेशचे मजूर टाळेबंदीत रुळावरून भुसावळकडे चालत निघाले होते. रात्रभर चालून करमाडजवळ सटाणा शिवारात थकून रुळांवरच आडवे झाले. गाड्या बंद आहेत असे त्यांना वाटले. प्रवासी गाड्या बंदच होत्या. मालगाडी चालू होती. सोळा जण गेले. रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिले. दादा म्हणाले, "त्या डायवरचं काय झालं आसंल? त्यानं भोंगा वाजवला, ब्रेक दाबला, तरी गाडी थांबली नाही. तोबी रातचाच जागा." आम्ही त्या सोळांसाठी विहारात मेणबत्त्या लावल्या होत्या. ड्रायव्हरचा विचार आमच्यापैकी एकाच्याही मनात आला नव्हता. तो रात्रपाळी केलेल्या माणसाच्याच मनात आला.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. कारखान्यातील आठवड्याचे ५४ तास ४८ वर आणणारी दुरुस्ती १९४६ ची. १ मे ला आपण हे भाषणात सांगतो. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातील दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर न्यायला मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास तेच, असे सांगतात. बारा तास उभे राहून, जाण्यायेण्याचे दोन तास धरून, पत्र्याच्या खोलीत दिवसा झोपून पाहावे, मग बेरीज तीच येते का ते कळेल.

दरवर्षी वर्षावासानंतर आम्ही वस्तीतील मुलांची सहल अजिंठ्याला नेतो. बारा क्रमांकाच्या लेण्यात तीन बाजूंना बारा खोल्या आहेत, प्रत्येकीत दगडात कोरलेले दोन ओटे, आणि डोक्याच्या बाजूला दगडाचीच उशी. भिंतीवरचा लेख सांगतो की हे दान एका व्यापाऱ्याचे. दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगरातून माल नेणाऱ्या माणसाने चालून आलेल्या भिक्खूंना पाठ टेकायला जागा कोरून दिली. मुले दरवर्षी त्यावर आडवी होऊन हसतात. यंदा आम्हीही आडवे होऊन पाहिले. दगड गार लागतो आणि आत अंधार पुरेसा असतो.

परत आल्यावर समितीच्या बैठकीत आम्ही विषय मांडला की विहाराची वरची खोली रात्रपाळीच्या लोकांना दिवसा झोपायला द्यावी. वाद बराच झाला. विहारात झोपायचे म्हणजे विहाराचा अवमान, असे एक ज्येष्ठ उपासक म्हणाले. चादरी कोण धुणार, असे महिला मंडळाने विचारले, आणि तो प्रश्न जास्त खरा होता. शेवटी ज्याने त्याने आपली चादर आणायची असे ठरले. चार खाटा टाकल्या, खिडक्यांना काळे कापड लावले. पडद्यांसाठी हँगरचे चिमटे त्या मुलाने पाठवले. मागच्या रांगेत जे बोलले गेले ते खोटे आहे, हे आम्ही पुढच्या पौर्णिमेला माईकवरून सांगितले. पाहुणे मात्र परत आलेले नाहीत.

सध्या वर तिघे जण झोपतात. दोघे वाळूजचे, एक शेंद्र्याचा. त्यांची एकच तक्रार आहे: खालच्या नळाची मोटर बरोबर साडेदहाला चालू होते. ती सातच्या आत लावावी, म्हणून महापालिकेच्या पाण्याची वेळ बदलून मागणारा अर्ज आम्ही लिहून ठेवला आहे; सह्या गोळा करायच्या आहेत. संध्याकाळी पाचनंतर.